वहिनीचा अकोल्यातला फोटो

वहिनीने फोटोचा विषय काढला तेव्हा तिला नागपूरच्या दवाखान्यात भरती व्हायला आठ दिवस उरले होते. आई रेशनच्या दुकानात गेली होती, भाऊ कचेरीत. वहिनी ज्वारी निवडत होती आणि मी शाळेतून आणलेल्या वह्या तपासत बसले होते. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "बाई, मले एक फोटो काढाचा हाय. कापाच्या आंधी."

मला वाटलं, तिला मुलीसोबत फोटो हवा असेल. मी म्हटलं, राजापेठेतच तर स्टुडिओ आहे, रविवारी सगळेच जाऊ. तिने नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. ज्वारीतले दोन खडे काढून म्हणाली, "तसा नाई. उघड्या छातीचा."

वहिनी मूळची चांदूर रेल्वेची. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. चौथीपर्यंत शिकलेली, अंगाने उंच, हाडापेराने मजबूत. बोलायची कमी. आम्ही राजापेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आई, भाऊ, वहिनी, त्यांची तीन वर्षांची मुलगी आणि मी. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. वहिनी माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तरी रीत म्हणून मला 'बाई' म्हणायची आणि 'तुमी' म्हणून बोलायची.

मुलीचं दूध तुटलं त्या सुमाराला तिच्या डाव्या छातीत गाठ आली. आईने हात लावून पाहिलं आणि सांगितलं, दुधाची गाठ आहे, जिरेल. आमच्या आईने वस्तीतल्या कितीतरी बाळंतपणांत हात दिला होता, बायकांचं दुखणंखुपणं ती जाणून होती. त्यामुळे तिच्या शब्दावर कोणी शंका घेतली नाही. ती रोज हळद आणि चुना कालवून गरम लेप लावायची. स्वतःच्या हाताने लावायची, फुंकर घालून, जपून. असं वर्षभर चाललं. भावाला काही सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी पुरुषांना सांगायच्या नसतात, असं दोघींचंही मत होतं. मीही त्याच घरात होते. लेपाचा वास मला रोज यायचा, आणि मी शिकलेली असून काही विचारलं नाही.

मग एक दिवस वहिनीला दांडीवर लुगडं टाकता येईना. हात खांद्याच्या वर जाईना. मी काखेत चाचपलं तर तिथेही बोराएवढ्या दोन गाठी. दुसऱ्या दिवशी मी शाळेला न जाता तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथे एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी तपासलं, हात धुतले, आणि किती दिवस झाले विचारलं. वहिनीने खरं सांगितलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या की नागपूरला न्या, पूर्ण काढावं लागेल, आणि तरीही मी काही सांगू शकत नाही.

वहिनी पोलक्याची बटणं लावत होती. तिने एकच विचारलं, "पूर्ण मंजे?"

डॉक्टरीणबाईंनी आपल्याच छातीवरून तळहात सपाट फिरवून दाखवला.

संध्याकाळी मी भावाला सांगितलं. तो नुकताच हातपाय धुऊन बसला होता. ऐकून तो उठला आणि पुन्हा मोरीत जाऊन पाय धुऊ लागला. आई चुलीपुढे बसली होती. त्या दिवसापासून घरात लेप कालवला गेला नाही.

आणि आता वहिनी म्हणत होती, उघड्या छातीचा फोटो. मी तिला वेड्यात काढलं. कोण काढणार असा फोटो, कोणाच्या हाती लागला तर काय होईल, भावाला कळलं तर तो काय म्हणेल, हे सगळं मी एका दमात बोलून गेले. ती ऐकत राहिली. मग तिने सांगितलं की तिने चौकशी केली आहे. आमच्याकडे बांगड्या भरायला येणारी जी मुसलमान बाई होती, तिने सांगितलं होतं की अकोल्याला एका फोटोवाल्याची बायको पडद्यातल्या बायकांचे फोटो घरातच काढते. तिथे पुरुषाचं वारंही लागत नाही.

"पण कावून पाह्यजे तुमाले?" मी विचारलं.

तेव्हा ती जे बोलली ते मला आजही तिच्याच आवाजात ऐकू येतं. "तुमच्या भावानं मले कदी उजेडात पायलं नाई. मीनंबी पायलं नाई. घरात आरसा केवढा, त्याच्यात तोंड दिसते तेवढंच. लेकरू त्याच्यावर वाढलं. आता ते काढून फेकून देतीन. जे जाऊन राह्यलं ते कसं होतं, मले एक डाव पाहू द्या."

मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला.

घरी आम्ही असं सांगितलं की अकोल्याच्या मावशीला भेटून येतो. नागपूरला जाण्याआधी मावशीची भेट व्हावी, यात कोणाला काही खटकण्यासारखं नव्हतं. आईने मावशीसाठी तुरीची डाळ बांधून दिली.

जायच्या आधीचे तीन दिवस वहिनीने तयारीत घालवले. ती तयारी लग्नाच्या तयारीपेक्षा कठीण होती, कारण ती लपून करायची होती. पहिला प्रश्न डागाचा. वर्षभर चुना लागून लागून छातीवरची कातडी काळपट पडली होती, काही ठिकाणी भाजल्यासारखी. आई मुलीला घेऊन शेजारी गेली की वहिनी दार लावून त्यावर खोबरेल चोळायची, मग बेसन आणि साय. मला म्हणाली, जरा पाहा, उजळलं का. मी पाहिलं. तोवर मी तिला कधी असं पाहिलं नव्हतं. गाठीच्या जागी कातडी आत ओढली गेली होती, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. दुसरी बाजू अगदी निरोगी, भरलेली. मी म्हटलं, थोडं उजळलं. उजळलं नव्हतं.

भावाचा दाढीचा आरसा खिळ्यावरून काढून मी तिच्यापुढे धरला. तळहातभर आरसा. खाली धरला की चेहरा जायचा, वर धरला की छाती जायची. ती सांगायची, जरा दूर न्या, जरा वाकडा करा. पण सगळी ती एकदम कधी दिसलीच नाही. शेवटी तिने आरसा माझ्या हातातून घेतला आणि खिळ्यावर लावून टाकला.

साडीचं तिने आधीच ठरवलं होतं. लग्नातली पांढरी साडी. आमच्यात धर्मांतरानंतर लग्नं पांढऱ्या साडीत लागायला लागली होती. ती साडी पेटीच्या तळाशी होती. घड्यांवर पिवळ्या रेषा उमटल्या होत्या. तिने ती घरी न धुता मला माझ्या एका मैत्रिणीकडून धुऊन, इस्त्री करून आणायला लावली. केस शिकेकाईने धुतले. मग ओले केस मोकळे सोडून उन्हात बसली, आणि आईने दारातून पाहून एवढंच म्हटलं की दवाखान्यात जायच्या आधी न्हाऊन घेतलं ते बरं केलं. वहिनीने मान खाली घातली. मला आईची तेव्हा कीव आली. आपण तिला फसवतो आहोत असं वाटलं.

सकाळच्या गाडीने आम्ही बडनेऱ्याला गेलो आणि तिथून पॅसेंजरने अकोल्याला. गाडीत वहिनी हात उराशी धरून बसली होती. मूर्तिजापूर गेल्यावर तिने विचारलं की फोटो काढताना हसावं लागतं का. मी म्हटलं, मला माहीत नाही.

मावशीच्या दारात डाळ देऊन, मोर्णा नदीचा पूल ओलांडून टांग्याने जुन्या शहरात गेलो. गल्लीच्या तोंडाशी दुकान होतं, तिथे फोटोवाला बसला होता. बांगडीवालीचं नाव सांगताच त्याने वर न पाहता मागच्या दाराकडे हात केला. मागे लहानसं अंगण, आणि अंगणापलीकडे एक खोली. छपराचे काही पत्रे काढून तिथे काचा बसवल्या होत्या, त्यातून उजेड सरळ खाली पडत होता. भिंतीवर महाल आणि कारंजं रंगवलेला पडदा. तिपाईवर लाकडी कॅमेरा, त्यावर काळं कापड, शेजारी ज्यांच्यावर फोटो उमटतो त्या काचेच्या प्लेटी.

त्या बाई पन्नाशीच्या असतील. पान खाऊन ओठ लाल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सगळे त्यांना आपा म्हणत, आम्हीही तेच म्हटलं. त्यांची भाषा आमच्यासारखीच वऱ्हाडी, मध्येच उर्दूकडे वळणारी. त्यांनी विचारलं, कसला फोटो, नवऱ्याला पाठवायचा आहे का. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीनेच सांगून टाकलं. गाठ, नागपूर, सोमवार. एक शब्द लपवला नाही. सांगताना तिचा आवाज हलला नाही.

आपांनी तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकलं. परत आल्या तेव्हा त्यांनी आधी तो महालाचा पडदा गुंडाळून ठेवला. मागे नुसती चुन्याची भिंत उरली.

"प्लेट कोन धुते?" वहिनीने विचारलं.

"मीच. बायकांच्या प्लेटीले आमच्या ह्यांचा हात नाय लागत," आपा म्हणाल्या. "एकच कागद छापीन. प्लेट तुमच्या हातात देईन. मंग ठेवा की फोडा, तुमची मर्जी."

वहिनी स्टुलावर बसली. वेणी सोडली. पदर खांद्यावरून उतरवला आणि पोलक्याच्या बटणाशी तिचे हात थांबले. आपा वाट पाहत राहिल्या. त्यांनी घाई केली नाही, फक्त उजेड हलतो आहे का ते एकदा वर पाहून घेतलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमी भायेर बसा."

मला ते लागलं. तीन दिवस मी आरसा धरला होता, खोटं बोलले होते, आणि आता एका परक्या बाईपुढे तिला माझी लाज वाटत होती. मी अंगणातल्या पायरीवर जाऊन बसले. दार लोटलेलं होतं. आतून आपांचा आवाज येत होता, हळू, मुलाला निजवताना असतो तसा. शब्द कळत नव्हते. नंतर वहिनीचं रडणं ऐकू आलं. मी उठले, पण आत गेले नाही.

ती बाहेर आली तेव्हा साडी नीट नेसलेली होती, केस बांधलेले होते. आपा तिच्यामागे उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, आठ दिवसांनी या. पुलाशी येईपर्यंत वहिनी मागे वळून गल्लीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, मी नसेन, तुम्ही या. प्लेट तिथेच फोडून टाकजा, फोटो तेवढा आणजा, आणि उघडून पाहू नका.

सोमवारी भाऊ तिला घेऊन नागपूरला गेला. बुधवारी ऑपरेशन झाल्याचं पत्र आलं. मुलगी माझ्या आईजवळ निजायची आणि झोपेत हात आईच्या पोलक्यात घालायची. आई तो हात काढत नसे.

ठरल्याप्रमाणे मी एकटीच अकोल्याला गेले. आपांनी जाड कागदाचं पाकीट आणि फडक्यात गुंडाळलेली काच दिली. मी काच फोडायची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, राहू द्या, पुढे कधी लागेल, मी पेटीत कुलूप लावून ठेवते. मी ऐकलं नाही. वहिनीचा शब्द मला पाळायचा होता. मोरीच्या दगडावर मी ती काच आपटली. आपांनी तुकडे खराट्याने गोळा केले आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

एक शब्द पाळला, दुसरा मोडला. परतीच्या गाडीत, बोरगाव गेल्यावर, डब्यात दोनच म्हाताऱ्या बायका होत्या आणि त्या पेंगत होत्या. मी खिडकीकडे तोंड करून पाकीट उघडलं.

घरी आल्यावर मी ते पाकीट माझ्या पेटीत, पगाराच्या कागदांखाली ठेवलं. आई त्या पेटीला कधी हात लावत नसे. पण महिनाभराने मुलीला ताप आला. मी शाळेत होते. डॉक्टरची जुनी चिठ्ठी शोधायला आईने पेटी उपसली. मी संध्याकाळी आले तेव्हा आई चुलीपुढे होती. ती माझ्याकडे न वळता म्हणाली, "तो फोटो म्या जाळला."

मी काय बोलले ते मला आठवतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईला मी तसं कधी बोलले नव्हते. ती भाकरी थापत राहिली. चुलीत जाळ होता, त्यात काही दिसत नव्हतं.

वहिनी दीड महिन्याने परत आली. विजेचा शेक देऊन तिची मान आणि खांदा काळे पडले होते. डावा हात सुजून जाड झाला होता. पदराखाली तिने फडक्याची घडी ठेवली होती, ती सारखी घसरायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात कोणी नाही असं पाहून, तिने विचारलं, "आणला का?"

मी सगळं सांगितलं. काच फोडली, फोटो आणला, आईने जाळला. ती खाली बसली. भिंतीला टेकून बसली आणि उजव्या हाताने ती घडी नीट केली. मला वाटलं ती रडेल, किंवा आईला बोलेल. तिने विचारलं, "तुमी पायला होता?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग सांगा."

मी सांगू लागले. फोटोत ती स्टुलावर थोडी तिरकी बसली आहे. केस उजव्या खांद्यावरून पुढे आलेले, मांडीपर्यंत. पांढरी साडी कमरेभोवती, आणि वर काही नाही. उजेड वरून पडल्यामुळे खांदे चमकतात. डाव्या हाताचा तळवा छातीखाली आहे, लेकराला पाजताना धरतो तसा. नजर कॅमेऱ्याकडे नाही, खाली आहे, त्याच बाजूला. ती मध्येमध्ये थांबवून विचारत होती. मान कशी आहे, वाकडी का सरळ. कानात काय दिसतं. पोट सुटलेलं दिसतं का. मी जे आठवत होतं ते सांगितलं, जे आठवत नव्हतं ते आठवत नाही म्हटलं.

"डाग दिसते?"

"नाई," मी म्हटलं.

डाग दिसत होता. उजेडामुळे तो जास्तच काळा आला होता. त्या सगळ्या सांगण्यात ते एकच खोटं होतं.

"चांगली दिसतो मी?"

"चांगल्या दिसता."

पुढेही दोन-तीनदा तिने मला तो फोटो सांगायला लावला. दुपारी, मुलगी निजलेली असताना. मग एकदा मी आपणहून सुरू केलं तर म्हणाली, राहू द्या आता.

ती सव्वा वर्ष जगली. आधी पाठ दुखायला लागली, मग तिला बसता येईना. नागपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा आणू नका म्हणून सांगितलं. त्या शेवटच्या महिन्यांत तिचं सगळं आईने केलं. भावाला ती जवळ येऊ देत नव्हती आणि मला शाळा होती. आई तिला कुशीवर वळवायची, अंग पुसायची, त्या सपाट व्रणावर खोबरेल लावायची. वहिनी आईला फोटोबद्दल कधी काही बोलली नाही. दोघी तासन् तास एका खोलीत असायच्या आणि त्यांच्यात काय चाललं आहे ते मला कळायचं नाही.

वहिनी गेल्यावर महिनाभराने मी आईला विचारलं. आम्ही दोघी तिच्या अंथरुणातल्या चादरी धूत होतो. मी तिला विचारलं की तुला तो फोटो जाळायची काय घाई झाली होती, निदान ती येईपर्यंत ठेवायचा होता. आईने हातातली चादर पिळून बादलीत टाकली.

"तुह्या भावाले सापडला असता तं," ती म्हणाली, "त्यानं तिले जन्मभर तशीच धरली असती मनात. कापून घरी येऊन राह्यली ती कोन होती मंग?"

तिने पुढची चादर पाण्यातून वर काढली.

"आन् मले पाहावला नाई," आई म्हणाली. "चुन्याचा डाग होता त्याच्यावर. माह्या हातचा."

चादरीचं दुसरं टोक मी धरलं. आम्ही ती दोघींनी मिळून पिळली आणि दोरीवर टाकली.

भावाने दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं. मुलगी सहा वर्षांची झाली होती. मी बदली मागून चांदूरला गेले, तेव्हा तिला सोबत घेऊन गेले. आई राजापेठेतच राहिली, नव्या सुनेकडे. नव्या सुनेला पहिलं मूल झालं आणि थान ठणकतं म्हणून तिने आईला सांगितलं, तेव्हा आईने तिला हात लावला नाही. पायात चपला घालून ती तिला त्याच वेळी दवाखान्यात घेऊन गेली आणि डॉक्टरीणबाई मोकळ्या होईपर्यंत बाकावर बसून राहिली.